कुंग फूतले हाताचे वार: पहिल्या सहा महिन्यांत काय आणि कसं शिकावं

वर्गात नवीन मुलगा किंवा मुलगी आली की मी आधी एकच गोष्ट करायला सांगतो: मूठ वळून दाखव. बरेच जण अंगठा बोटांच्या आत दडवतात. काही जण तो तर्जनीवर उभा ठेवतात, टॉर्चचं बटण दाबतात तसा. मनगट तर जवळपास सगळ्यांचंच वाकलेलं असतं. मग ती मूठ भिंतीला टेकवून हळूहळू अंगाचा भार टाकायला सांगतो. मनगट लगेच दुमडतं, आणि या मुठीने खरंच काही मारलं असतं तर कोणाला लागलं असतं हे वेगळं सांगावं लागत नाही.

हा लेख त्या मुठीपासून पुढच्या साधारण सहा महिन्यांसाठी आहे. चिनी भाषेत गोंगफू म्हणजे वेळ आणि मेहनत घालून मिळवलेलं कसब. उत्तम स्वयंपाक्याच्या हातालाही ते हा शब्द लावतात. तालमीत आपण शरीर ‘कमावलं’ म्हणतो ना, तसंच काहीसं. म्हणून इथे वारांची लांबलचक यादी दिलेली नाही. थोडेच वार घेतलेत, पण ते अंगात कसे मुरवायचे ते सविस्तर सांगितलंय.

मूठ

हात समोर धरा. बोटं सरळ आणि एकमेकांना चिकटलेली. आधी फक्त टोकं वळवा, इतकी की ती बोटांच्या मुळाशी टेकतील. इथे क्षणभर थांबा. मग उरलेला भाग तळहातात गुंडाळा, सुरळीची वडी गुंडाळतो तसा, आत पोकळी न ठेवता. शेवटी अंगठा खाली आणून तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधल्या पेरांवर आडवा टाका. अंगठ्याचं टोक मुठीच्या पुढे डोकावता कामा नये. नखं वाढलेली असतील तर याच वेळी तळहातात रुततात, तेव्हा ती आधीच कापून या.

आता मनगट. एक फूटपट्टी घ्या आणि कोपराच्या बाजूकडून मुठीकडे, हाताच्या पाठीवर ठेवा. मुठीची पाठ आणि मनगट दोन्ही पट्टीला लागले पाहिजेत. मूठ खाली झुकली असेल तर पट्टी आणि मुठीमध्ये फट दिसते, वर उचलली गेली असेल तर फट मनगटापाशी दिसते. पहिले पंधरा दिवस रोज ही तपासणी करा, दोन्ही हातांची. उजव्याने लिहिणाऱ्यांचं डावं मनगट हमखास झुकतं.

मूठ सतत आवळून धरू नका. मूठ आवळली की दंड आखडतो, दंड आखडला की खांदा वर चढतो, आणि वार जागच्या जागी मंदावतो. हातात लिंबू धरल्यासारखी सैल ठेवा. लागायच्या क्षणी आवळा आणि लगेच सोडा. ऐकायला सोपं वाटतं, पण सगळ्यात जास्त वेळ याच गोष्टीला लागतो.

कोणत्या हाडाने मारायचं?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि इंटरनेटवर याची दोन परस्परविरोधी उत्तरं मिळतात. दोन्ही बरोबर आहेत, कारण ती वेगवेगळ्या मुठींबद्दल आहेत.

मूठ मिटली की पुढच्या कडेला चार उंचवटे दिसतात. उत्तर चीनमधल्या छांग छ्युआन, म्हणजे ‘लांब मूठ’ प्रकारच्या शैलींमध्ये मूठ शेवटी फिरून आडवी होते, तळहात जमिनीकडे. अशा मुठीत तर्जनी आणि मधल्या बोटाचे उंचवटे पुढे असतात. त्यांच्या मागे अंगठ्याच्या बाजूचं हाड, रेडियस, सरळ रेषेत येतं आणि मनगटाला खालून आधार मिळतो.

दक्षिणेतल्या विंग चूनमध्ये मूठ उभीच राहते, अंगठ्याची बाजू वर. या मुठीला चिनी लिपीतल्या ‘सूर्य’ या अक्षरावरून नाव पडलंय, कारण ते अक्षर उभ्या चौकटीसारखं असतं आणि मूठ समोरून तशीच दिसते. इथे कोपर खाली आणि छातीच्या मध्यरेषेवर असतं, म्हणून वार खालच्या तीन उंचवट्यांवर बसतो. कोपराची जागा बदलली की हाडांची रांग बदलते, आणि त्यावरून कोणता उंचवटा पुढे येणार ते ठरतं. एका शैलीचं कोपर आणि दुसऱ्या शैलीचा उंचवटा अशी सरमिसळ केली तर मनगट दुखतं. यूट्यूबवर पाहून शिकणाऱ्यांचं नेमकं इथेच बिघडतं.

आपल्या हातात मनगट धरून २७ हाडं आहेत आणि त्यातली बहुतेक बारीक आहेत. करंगळीमागचं तळहाताचं हाड मुठीने काही कठीण वस्तू मारताना सहज मोडतं; डॉक्टर त्याला बॉक्सर्स फ्रॅक्चरच म्हणतात. कवटी ही अशीच कठीण वस्तू आहे. त्यामुळे तुमची शैली कोणतीही असो, कठीण जागेसाठी तळहात आणि मऊ जागेसाठी मूठ, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

पाय आधी, हात नंतर

हेनान प्रांतातलं शाओलिन मंदिर इ.स. ४९५ मध्ये भारतातून गेलेल्या बातुओ नावाच्या भिक्षूसाठी बांधलं गेलं. तिथल्या एका दालनात विटांच्या फरशीला रांगेने खळगे पडलेले आहेत. पिढ्यान् पिढ्या भिक्षूंनी तिथे पाय रोवून सराव केला म्हणून ते पडले असं सांगतात. मला त्या फरशीचा फोटो नवशिक्यांना दाखवायला आवडतो. हातांचा सराव करणाऱ्यांनी खुणा ठेवल्या त्या फरशीवर.

पहिला पवित्रा मा बू, म्हणजे घोडेस्वाराचा. दोन्ही पाय खांद्यांच्या रुंदीच्या साधारण दुप्पट अंतरावर, चवडे पुढे, गुडघे बोटांच्या दिशेने, पाठ सरळ. चित्रांमध्ये मांड्या जमिनीला समांतर दिसतात. तुम्ही तितकं खाली जाऊ नका. गुडघे आत पडायला लागतात त्याच्या चार बोटं वर थांबा. सुरुवातीला अर्धा मिनिट, मग दर आठवड्याला थोडं वाढवत न्या. बैठका मारायची सवय असलेल्यांना हा पवित्रा लवकर जमतो, पण त्यांनीही टाचा उचलल्या जात नाहीत ना ते बघावं.

दुसरा पवित्रा गोंग बू, धनुष्याचा. पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताणलेला, मागची टाच जमिनीला चिकटलेली. खरा सरळ ठोसा इथे शिकायचा.

सरळ ठोसा, म्हणजे छोंग छ्युआन

दोन्ही मुठी कमरेशी, तळहाताची बाजू वर. खांदे खाली. उजव्या हातापासून सुरुवात करू.

कोपराने बरगड्या घासत मूठ पुढे न्या. कोपर बाहेर उडालं तर वार वळसा घेतो आणि समोरच्याला तो आधी दिसतो. भिंतीकडे उजवी बाजू करून उभे राहा, मध्ये एक वीत जागा ठेवून. ठोसा मारताना कोपर भिंतीला लागलं तर ते उडतंय असं समजा. कोपर शरीराच्या पुढे गेल्यावरच मूठ फिरवायला सुरुवात करा आणि शेवटच्या वितीत ती पूर्ण फिरू द्या. हात अगदी कडक सरळ करू नका, कोपरात किंचित वाक राहू दे. हवेत मारताना कोपर झटक्याने ताणणं हे कोपरदुखीचं हमखास कारण आहे.

त्याच वेळी डावी मूठ तितक्याच वेगाने कमरेशी परत यायला हवी. बॉक्सिंग शिकलेले लोक इथे हटकून विचारतात की हनुवटी उघडी टाकून हात खाली का न्यायचा. पारंपरिक सरावात हा मागे येणारा हात रिकामा नसतो. त्याने समोरच्याचं मनगट किंवा बाही धरलेली आहे आणि तो त्याला ओढून घेतोय असं गृहीत असतं. धरलेलं काहीच नसेल, तर हात चेहऱ्यासमोरच ठेवावा. हा फरक कळला नाही तर माणूस वर्षानुवर्षं कमरेशी मुठी ठेवून चांगलं लढता येईल अशा समजात राहतो.

आता गोंग बूमध्ये हाच ठोसा तीन आकड्यांत तोडा. एक म्हटल्यावर फक्त मागची टाच जमिनीत दाबा. दोन म्हटल्यावर कंबर फिरवा, हात अजून तिथेच. तीन म्हटल्यावर मूठ सोडा. असे दोन्ही बाजूंनी वीस वीस करा. दहाबारा दिवसांनी आकड्यांमधलं अंतर कमी करत आणा, इतकं की तिन्ही मिळून एकच हालचाल होईल. टाचेपासून निघालेला जोर कमरेतून फिरून मुठीत पोचला पाहिजे. हात हा फक्त शेवटचा टप्पा.

जोर पोचला की नाही हे कळायला एक घरगुती उपाय आहे. वर्तमानपत्राचं एक पान दाराच्या चौकटीला दोऱ्याने टांगा, छातीच्या उंचीवर, आणि मधोमध ठोसा मारा. खांद्याने ढकललं तर पान नुसतं हेलकावतं. कंबर वेळेवर फिरली आणि मूठ शेवटी आवळली गेली तर ‘फट्’ असा कोरडा आवाज येतो, कधी कधी पान फाटतं. वर्गात एकदा एका मुलीने चाळीसेक वेळा नुसता हेलकावा मिळाल्यावर दमून खांदे सोडले आणि पुढच्याच ठोशाला तो आवाज आला. ती स्वतःच दचकली. खांदा सैल पडला तेव्हाच जोर पुढे गेला.

ब्रूस लीचा एक इंचावरून मारलेला ठोसा बहुतेकांनी पाहिलेला असतो. १९६४ साली कॅलिफोर्नियात लाँग बीचच्या स्पर्धेत त्याने तो करून दाखवला होता. हाताला जायला जागाच नव्हती, म्हणजे जोर दुसरीकडून आला. त्याची क्लिप हळू करून बघा आणि या वेळी मुठीकडे न बघता त्याच्या मागच्या पायाकडे आणि कमरेकडे बघा.

पुढचे तीन-चार वार

सरळ ठोसा दोन्ही हातांनी बरा बसला, साधारण दोन-अडीच महिन्यांनी, की मग हे घ्या.

फी छ्युआन, वरून खाली येणारा वार. लागतो मुठीची करंगळीकडची मांसल बाजू, खलबत्त्यात बत्ता पडतो तशी. नवशिक्यांसाठी हा फार सुरक्षित वार आहे, कारण बोटांची हाडं यात धडकतच नाहीत. कोपर आधी खाली येतं, मूठ त्याच्या मागोमाग.

ग्वा, म्हणजे उलट्या मुठीचा वार. कोपर बिजागरीसारखं ठेवून मुठीची पाठ पुढे फेकायची. हलका आणि वेगवान. समोरच्याचं लक्ष वर खेचायला याचा उपयोग होतो आणि मागोमाग दुसरा वार येतो.

सो, लांब हाताने गोल फिरवलेला. ग्वा आणि सो हे दोन्ही चोय ली फुट शैलीत फार देखणे दिसतात. चान हुंग यांनी १८३६ मध्ये ग्वांगडोंग प्रांतात ही शैली उभी केली. चोय आणि ली ही त्यांच्या दोन गुरूंची आडनावं आणि फुट म्हणजे बुद्ध. शैलीला स्वतःचं नाव न देता गुरूंचं दिलं. या गोल वारात खांदा पूर्ण सैल लागतो, म्हणून त्याआधी दोन्ही हात मोठ्या वर्तुळात शंभर वेळा फिरवून घ्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी शर्ट घालताना हात वर जात नाही.

सरळ ठोशावरच आणखी खोल जायचं असेल तर शिंग-ई शैली बघा. तिथे मुळाक्षरांसारख्या पाचच मुठी आहेत: धातू, पाणी, लाकूड, अग्नी आणि माती या पाच तत्त्वांना जोडलेल्या. त्यातली लाकडाची मूठ, बंग छ्युआन, म्हणजे अर्ध्या पावलासह मारलेला सरळ ठोसा. १९व्या शतकातल्या ग्वो युनशन यांची ख्याती याच एका वारावर आहे. ते तुरुंगात होते, पायात बेड्या असल्यामुळे पूर्ण पाऊल टाकता येत नव्हतं, म्हणून अर्ध्या पावलाचा वार त्यांनी घोटला, अशी दंतकथा सांगतात. कथा खरी-खोटी कशीही असो, आयुष्यभर एकच ठोसा घोटणारा माणूस मोठा होऊ शकतो हे त्या परंपरेला मान्य आहे, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

तळहात

माझ्या मते तळहाताचा वार नवशिक्याने मुठीइतकाच लवकर शिकावा. वर्ग सहसा तो मागे ठेवतात, कारण मूठ जास्त जोरकस दिसते. पण अंगावर प्रसंग आलाच तर हात शाबूत ठेवून घरी पोचवणारा वार हाच.

बोटं एकत्र, किंचित वाकलेली. अंगठा दुमडून तर्जनीच्या बाजूला चिकटवलेला. तो बाहेर राहिला तर कशात तरी अडकून मुरगळतो. मनगट मागे मोडा, म्हणजे तळहाताचा खालचा मांसल भाग पुढे येईल. पीठ मळताना परातीत आपण ज्या भागाने दाब देतो, तोच हा भाग. बाकी सगळं सरळ ठोशासारखं: टाच, कंबर, कोपर बरगडीला घासून, आणि शेवटच्या क्षणी मनगट मागे. आधीपासून मनगट मोडून ठेवलं तर हात आखडतो.

मनगट मागे वळतच नसेल तर जबरदस्ती करू नका. दिवसभर माऊस आणि फोन हाताळणाऱ्यांची मनगटं ताठ असतात. नमस्काराचे हात छातीपुढे ठेवून कोपरं हळूहळू वर आणा, तळवे न सोडता, आणि तिथे वीस आकडे थांबा. महिनाभरात फरक पडतो.

तळहातावरच उभी असलेली संपूर्ण शैली म्हणजे बागुआ झांग. १९व्या शतकात दोंग हायछुआन यांनी ती बीजिंगमध्ये शिकवली. त्यात गोलात चालत राहून तळहातांनी वार करतात. सुरुवातीला ती कठीण जाते, पण कुठे बघायला मिळाली तर चालताना पाय कसे पडतात ते जरूर पाहा.

वाघाचा पंजा आणि बाकीचे

वाघाचा पंजा, बगळ्याची चोच, नाकतोड्यासारख्या प्रार्थना-कीटकाचा आकडा, बोटांचे वार. यांची उत्सुकता मी समजू शकतो, बहुतेकांना कुंग फूकडे ओढून आणणारी हीच चित्रं असतात. आकार जरूर शिका, बोटांना ताकद येते. हुंग गा शैलीतला वाघाचा पंजा हवेत हळूहळू, ताण देऊन करणं हा हातांसाठी उत्तम व्यायाम आहे. पण या आकारांनी कशावरही आपटू नका. बोटांचे सांधे तयार व्हायला वर्षं लागतात.

लोखंडी तळवा, म्हणजे पिशवीवर तळहात आपटून तो घट्ट करण्याची पद्धत, याबद्दलही तेच. परंपरेत पिशवी आधी मुगाने भरतात, बऱ्याच काळाने खडीने आणि त्यानंतर लोखंडाच्या छर्ऱ्यांनी, आणि दर सरावानंतर वनस्पतींचं औषधी तेल किंवा अर्क चोळतात. मूग सोडून पुढे जायचा मोह टाळा, आणि मुगाच्या पिशवीवरचा हा सरावही शिक्षकाच्या नजरेखालीच करा. अठरा वर्षांखालच्या मुलांनी तर याच्या वाट्याला जाऊच नये, त्यांची हाडं अजून वाढत असतात.

पिशवी आणि जोडीदार

शिकत असताना दुसऱ्याच महिन्यात मी ठोसे मारायच्या मोठ्या बॅगवर, मनगटाला पट्टी न बांधता, पूर्ण जोराने मारलं होतं. शिकवणाऱ्यांनी थांबवलं नाही आणि मला स्वतःला कळत नव्हतं. मनगट मुरगळलं, आणि पाच आठवडे पाण्याची बादली उचलता येत नव्हती. म्हणून क्रम सांगतो. आधी टांगलेला कागद. मग जोडीदाराच्या हातातलं पॅड, अर्ध्या जोराने. मग भिंतीवरची मूग भरलेली कापडी पिशवी, आणि सगळ्यात शेवटी मोठी बॅग, मनगटाला पट्टी बांधून.

जोडीदाराबरोबरचा सराव टाळू नका. मिंग काळातले सेनापती छी जिग्वांग यांनी १६व्या शतकात सैनिकांसाठी मुठींचे ३२ पवित्रे लिहून ठेवले. मोठ्या लढाईत हाताच्या लढतीचा फारसा उपयोग नाही हे त्यांनी स्वच्छ सांगितलं आणि तरीही ती शिकवली, कारण तिच्याने नवख्याचे हातपाय तयार होतात. एकट्याने केलेल्या सरावाचं मोल तेवढंच धरा. अंतर आणि वेळ समोर माणूस असल्याशिवाय कळत नाही. विंग चूनमध्ये यासाठी ची साओ आहे: दोघांनी मनगटं एकमेकांना चिकटवून हात फिरवत राहायचे आणि समोरच्याचा दाब सुटला की तिथून वार आत न्यायचा. डोळ्यांआधी कातडीला कळतं. तुमचा वर्ग दुसऱ्या शैलीचा असला तरी हा खेळ आठवड्यातून एकदा कोणाबरोबर तरी खेळून बघा, वार न करता, फक्त खांद्याला हात लावण्यापुरता.

वर्ग निवडताना एवढं बघा: पहिल्या महिन्यात तुमचं मनगट कोणी हातात धरून सरळ केलं का, आणि दुखतंय म्हटल्यावर थांबवलं का.

रोजचा सराव अर्ध्या तासाचा पुरतो. पाच मिनिटं मनगट, खांदे, कंबर सैल करणं. पाच मिनिटं मा बू, मध्ये मध्ये उठून. दहा मिनिटं सरळ ठोसा, त्यातला निम्मा अगदी सावकाश. पाच मिनिटं तळहात. उरलेली पाच त्या महिन्याच्या नव्या वाराला. सरावानंतर मुठीचे उंचवटे आणि मनगट बोटांनी दाबून बघा. स्नायू दुखला तर हरकत नाही. सांध्यात टोचल्यासारखं झालं, सूज आली किंवा करंगळीमागे दाबल्यावर एकाच ठिकाणी कळ आली, तर दुसऱ्या दिवशी हात बंद, फक्त पाय. कळ तशीच राहिली तर एक्स-रे काढून घ्या.